'स्थानिक' म्हणजे कोण? प्रादेशिक एचआर पार्टनरच्या पदामागची पार्श्वभूमी

एचआर म्हणजे मनुष्यबळ विभाग. त्यातला 'पार्टनर' हा शब्द न्यूजरूममध्ये बाहेरून आला. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका अमेरिकी प्राध्यापकाने मनुष्यबळ विभागाच्या कामाची चार भागांत मांडणी केली: धोरणात भागीदारी, बदल घडवून आणणं, कारभार चोख ठेवणं आणि कर्मचाऱ्यांची बाजू धरणं. मोठ्या कंपन्यांनी ती उचलली. पगार-रजांची कामं एका सामायिक केंद्राकडे गेली, भरती आणि वेतनरचना तज्ज्ञांकडे, आणि प्रत्येक विभागप्रमुखाच्या शेजारी मनुष्यबळाच्या निर्णयांत सल्ला देणारा एक पार्टनर बसला. चौथं काम नेमकं कुणाकडे गेलं, याचं उत्तर या वाटणीत कुठेच स्पष्ट नव्हतं. आंतरराष्ट्रीय न्यूजरूमने हीच रचना घेतली तेव्हा त्या पार्टनरपुढे 'प्रादेशिक' हा शब्द जोडला गेला आणि एका माणसाकडे डझनभर देशांतले कामगार कायदे, चलनं आणि व्हिसा आले. खरी अडचण मात्र त्याहून जुनी आहे. न्यूजरूममध्ये 'स्थानिक' कुणाला म्हणायचं, हीच ती अडचण.

तिचं मूळ तारेच्या काळात आहे. 1870 मध्ये तीन युरोपीय वृत्तसंस्थांनी करार करून जगातले बातम्यांचे प्रदेश आपसांत वाटून घेतले. ही व्यवस्था 1930 च्या दशकापर्यंत या ना त्या रूपात टिकली. मुख्यालयातून पाठवलेला वार्ताहर आणि त्याला त्या त्या गावात मदत करणारी माणसं, अशी दोन थरांची रचना त्या काळात रुळली. पुढे तंत्र बदलत गेलं, थर राहिले.

आजच्या करारांत हे थर स्वच्छ दिसतात. पाठवलेल्या वार्ताहराच्या करारात घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, मायदेशी जाण्याची रजा, दोन देशांतल्या करांचा मेळ आणि संकटात बाहेर काढण्याचा विमा असतो. स्थानिक अटींवर नेमलेल्याला त्या देशाचा कायदा जेवढं देतो तेवढं, आणि पगार त्या देशाच्या चलनात. दोघं एकाच गाडीतून एकाच बातमीला जातात. नोव्हेंबर 2016 मध्ये इजिप्तने आपल्या पौंडाचा दर बाजारावर सोडला आणि डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. ज्याचा पगार डॉलरमध्ये होता त्याला फरक पडला नाही. ज्याचा पौंडात होता त्याची मिळकत तेवढ्याच कामाला, तेवढ्याच आकड्यात, डॉलरच्या हिशेबात जवळपास अर्धी झाली. अशा वेळी मुख्यालयाकडून ठरलेलं उत्तर येतं की 'आम्ही स्थानिक बाजाराप्रमाणे पगार देतो'. पार्टनरने इथे प्रश्न विचारायचा असतो तो 'कोणता बाजार?' हा. त्या बातमीदाराला पळवायला टपलेली दुसरी संस्था बहुतेकदा आंतरराष्ट्रीयच असते.

'स्थानिक' या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. पासपोर्ट कुठला, करार कुठल्या देशात नोंदला आहे, आणि माणूस राहतो कुठे. एका देशात जन्मलेली, शेजारच्या देशात राहणारी आणि तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या पगारपत्रकावर असलेली बातमीदार यातल्या कुठल्या खणात बसवायची? बहुतेक संस्था सोयीप्रमाणे खण बदलतात: पगार ठरवताना पासपोर्ट बघतात, नोकरी संपवताना कराराचा देश. त्याच्याखाली आणखी पायऱ्या आहेतच. बातमीगणिक पैसे मिळणारा स्ट्रिंगर, दिवसाच्या बोलीवर घेतलेला, ओळखी आणि भेटी जुळवून देणारा फिक्सर, दुभाषी, चालक. यातले कित्येक जण वर्षानुवर्षं एकाच ब्युरोसाठी, म्हणजे संस्थेच्या तिथल्या कार्यालयासाठी, राबतात आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत कधीच येत नाहीत. चीनमध्ये तर नियमच असा आहे की परदेशी वृत्तसंस्थेला चिनी नागरिकाला पत्रकार म्हणून नेमता येत नाही. त्याला 'न्यूज असिस्टंट' म्हणायचं, आणि नेमणूक सरकारने ठरवून दिलेल्या सेवा संस्थेमार्फत करायची.

नावांचा हा गोंधळ जिवावर बेततो तेव्हा त्याला एचआरच्या फाइलीत ठेवता येत नाही. मे 2000 मध्ये सिएरा लिओनमध्ये दोन अनुभवी युद्धवार्ताहर मारले गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये काही बड्या प्रसारक आणि वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन सुरक्षिततेचा समान करारनामा स्वीकारला: युद्धभूमीवरची नेमणूक ऐच्छिक असेल, प्रशिक्षण आणि संरक्षक साधनं दिली जातील, आणि फ्रीलान्सरनाही डावललं जाणार नाही. कागदावर हे मोठं पाऊल होतं. त्यानंतर इराकचं युद्ध आलं. परदेशी वार्ताहरांना बगदादच्या रस्त्यांवर फिरणं अशक्य होत गेलं तसं काम इराकी सहकाऱ्यांवर सरकत गेलं आणि जोखीमही. जुलै 2007 मध्ये बगदादेत अमेरिकी हेलिकॉप्टरच्या गोळीबारात एका वृत्तसंस्थेचे दोन इराकी कर्मचारी, एक छायाचित्रकार आणि एक चालक, ठार झाले. सप्टेंबर 2009 मध्ये अफगाणिस्तानात अपहरण झालेल्या एका परदेशी वार्ताहराला ब्रिटिश कमांडोंनी सोडवलं. त्याच्याबरोबर पकडला गेलेला अफगाण पत्रकार त्या कारवाईत मारला गेला. काबूलमधले पत्रकार तेव्हा संतापले होते, आणि तो संताप रास्त होता.

मानसिक आघाताची नोंद घेणंही याच सुमारास सुरू झालं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 140 युद्धवार्ताहरांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यांच्यातल्या दर पाचांतल्या एकाची मुलाखत घेतली; मुलाखत घेतलेल्यांपैकी 28.6 टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार झाल्याचं दिसलं. त्यातून समुपदेशनाच्या योजना आल्या. पण त्या योजनेची हेल्पलाइन कोणत्या भाषेत बोलते, हे अजूनही पार्टनरलाच विचारून घ्यावं लागतं.

ऑगस्ट 2021 मधलं काबूल हा या साऱ्या इतिहासातला सर्वात कठीण प्रसंग. शहर तालिबानच्या हाती पडण्याच्या बेतात असताना प्रत्येक ब्युरोला एकच यादी करायची होती: आपली माणसं कोण? पगारपत्रकावरची तर होतीच. पण पूर्वी सोडून गेलेला दुभाषी? कार्यालयाचा पहारेकरी? पाच वर्षं बातम्या पाठवणारा प्रांतातला स्ट्रिंगर? त्याच महिन्यात अमेरिकेने अमेरिकी माध्यमसंस्थांसाठी काम केलेल्या अफगाणांना निर्वासित म्हणून शिफारस करण्याची वाट खुली केली, मात्र प्रक्रियेसाठी देशाबाहेर पडणं त्यांच्यावरच सोडलं. तिथे नोकरीचा दाखला मागितला गेला. ज्याला कधी नियुक्तिपत्रच दिलं नव्हतं, त्याच्या कामाचा पुरावा जुन्या पावत्या, ईमेल आणि छापून आलेल्या नावांतून जुळवावा लागणार होता. कुटुंबाच्या व्याख्येचाही तिढा होता. विम्याच्या कागदात कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुलं. ज्यांच्या घरात म्हातारे आईवडील आणि अविवाहित बहिणी आहेत, त्यांनी कुणाला मागे ठेवायचं? हा निर्णय मुख्यालयातल्या एखाद्या समितीने विमानाच्या जागा मोजून घेऊ नये. त्याचे निकष शांततेच्या काळात, करार करतानाच लिहून ठेवले पाहिजेत. काबूलनंतर सात महिन्यांत रशियात लष्कराबद्दलच्या 'खोट्या' बातम्यांसाठी 15 वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला आणि कितीतरी न्यूजरूमना आपली माणसं पुन्हा घाईघाईने हलवावी लागली.

वेतनाचा मुद्दा मुख्यालयातही पेटला. जानेवारी 2018 मध्ये एका ब्रिटिश प्रसारकाच्या चीन संपादकाने समान वेतनाच्या मागणीवर पद सोडलं. आंतरराष्ट्रीय संपादकांपैकी पुरुषांना स्त्रियांपेक्षा किमान 50 टक्के जास्त मिळत असल्याचं त्यांनी उघड केलं. पुढे संस्थेने माफी मागून थकबाकी दिली. स्थानिक आणि पाठवलेल्या कर्मचाऱ्यांतली दरी मात्र या चर्चेत आलीच नाही, कारण त्यांची तुलना करण्याची रीतच नाही.

अलीकडच्या वर्षांत कपातीचं सत्र आहे आणि पार्टनरचा बराच वेळ त्यातच जातो. एकच कपात अमेरिकेत अनेकदा काही दिवसांत उरकते, तर जर्मनीत, जिथे कर्मचाऱ्यांनी निवडलेली कामगार परिषद आहे तिथे, प्रत्येक बडतर्फीआधी तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय नोटीस वैधच ठरत नाही. मग ज्या देशात कायदा दुबळा, तिथली पदं आधी कापण्याचा मोह होतो.

मालकीचे कायदेही आता थेट करारापर्यंत पोचले आहेत. रशियाने 2016 पासून माध्यमांतली परकीय मालकी 20 टक्क्यांवर आणली. भारताने 2019 मध्ये डिजिटल बातम्यांतल्या परकीय गुंतवणुकीला 26 टक्क्यांची मर्यादा घातली. त्यातून 2024 मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रसारकाच्या मराठीसह सहा भारतीय भाषांतल्या सेवा, तिथल्याच माजी कर्मचाऱ्यांनी उभारलेल्या स्वतंत्र कंपनीकडे गेल्या. बातम्या त्याच नावाखाली जातात, नियुक्तिपत्रावरचं नाव बदललं आहे. अशा कर्मचाऱ्याने तक्रार घेऊन जायचं ते आता नव्या मालकाकडे. मुख्यालयाच्या पार्टनरच्या यादीत तो उरलेला नाही.