‘स्वमग्न’ हा शब्द आला कुठून आणि अडला कुठे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ढोलताशे, आरोळ्या, इतवारीच्या गल्ल्यांत उसळलेली गर्दी. त्यात दोन्ही कान घट्ट दाबून एकाच जागी डुलणारं पोर दिसलं, की बघणारा म्हणतो, ‘आपल्यातच आहे हो ते.’ ऑटिझमबद्दल, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्याबद्दल, डॉक्टरांची पहिली समजूतही याच जातीची होती.

१९११ च्या सुमारास एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हे नाव घडवलं, तेही स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या एका लक्षणासाठी. १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यात हाच शब्द उचलला गेला. या मुलांची अवस्था स्किझोफ्रेनियाहून वेगळी आणि जन्मजात आहे, असं तिथेच लिहिलेलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं ‘थंड’, म्हणजे माया न लावणाऱ्या, आयांना दोष देण्यात गेली. १९७७ च्या जुळ्या भावंडांवरील अभ्यासाने आनुवंशिकता दाखवली आणि त्या आरोपाचा आधार ढासळला. आपल्याकडे ‘आई नोकरीला जाते ना, म्हणून’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तो त्या आईवरचा उघड अन्याय आहे.

मराठीने ग्रीक ‘स्व’ तसाच ठेवला आणि त्याला ‘मग्न’ जोडलं. ‘वेडसर’ आणि ‘मतिमंद’ यांच्यापुढे हा शब्द मायेचा, हे मान्य. पण मग्न होण्यात सुख असतं. भजनात माणूस मग्न होतो. मे महिन्यात कूलर सुरू झाला की ज्या मुलाला त्या घरघरीने जेवण जात नाही, खसाच्या वासाने उमासे येतात, त्याला मग्न कसं म्हणायचं? बाहेरचं जग त्याच्यावर आदळत असतं. दुसरं मूल त्याच कूलरला पाठ टेकवून तासभर निवांत बसतं. दोघांचं निदान मात्र एकच, ऑटिझम. हात फडफडवणं, गोल फिरणं, पंख्याकडे एकटक बघणं यातून अनेकांना स्वतःला सावरता येतं. ‘हात खाली’ म्हणून ते थांबवलं, की सावरायची ती सोय जाते.

नागपुरात गुंता आणखी वाढतो. सरकारी हिंदीत ‘स्वपरायणता’, इतरत्र ‘स्वलीनता’, मराठीत ‘स्वमग्नता’. एकाच मुलाच्या फाइलीत तिन्ही सापडू शकतात. घरी मराठी, बाजारात आणि कार्टूनमध्ये हिंदी. तहान लागली की एखादं मूल कार्टूनमधलं पाण्याचं अख्खं हिंदी वाक्य, त्याच चालीत म्हणतं. ऐकणाऱ्याला ती बडबड वाटते. आईला कळतं, पाणी हवंय. अशा घरांना ‘एकच भाषा बोला’ असं सांगितलं जातं, पण दोन भाषांमुळे या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही.

कायद्यात नाव यायलाही वेळ लागला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, पण सवलतींचे प्रमाणपत्र जुन्याच यादीवर चालत राहिलं. त्यामुळे कितीतरी मुलांच्या कागदावर ‘मतिमंद’ लिहिलं गेलं, गणितात पुढे असलेल्यांच्याही. २०११ च्या जनगणनेत ऑटिझमला वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यात हा आला. अंमल एप्रिल २०१७ पासून.

तरी एक गोष्ट सुटली. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा त्रास किंवा ओढ २०१३ मध्येच अमेरिकी निदानपुस्तिकेच्या निकषांत आली होती. आपल्या २०१६ च्या व्याख्येत संवाद आहे, नातेसंबंध आहेत, पुनरावृत्तीचं वागणं आहे. संवेदनांचा उल्लेख नाही. प्रमाणपत्रासाठीच्या भारतीय मापनश्रेणीत मात्र संवेदनांचा स्वतंत्र भाग आहे. तिच्यात ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि ७० पासून पुढे ऑटिझम धरतात.

हे गुण बहुतांशी दिसणाऱ्या वागण्यावर पडतात. शाळेत दिवसभर बाकड्याखाली बोटं चोळत स्वतःला आवरणारी, मैत्रिणींचं हसणं बघून त्याच वेळी हसायला शिकलेली मुलगी तपासणीच्या टेबलासमोरही नीट उत्तरं देते. त्याच २०१३ च्या निकषांत शिकलेल्या युक्त्यांनी लक्षणं झाकली जातात, हेही लिहिलेलं आहे. घरी आल्यावर ती गणवेश ओरबाडून काढते आणि अंधाऱ्या खोलीत तासभर रडते. त्या तासाची नोंद फक्त तिच्या आईकडे असते.