कुमसार, कॉर्टिसोल आणि न भरणारी जखम

"कुमसार जाल्याबगर पांय बरो जावचो ना गो," शेजारच्या आंटी म्हणाल्या. त्यांना मधुमेह आहे. टाचेजवळची जखम दीड महिना ओली होती आणि ड्रेसिंगला जायचं त्यांनी सोडून दिलं होतं. जमिनीवरून बहिणीशी अबोला धरला, ती तशीच वारली, त्याची ही शिक्षा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, आणि ती दिल्याशिवाय पाय बरा व्हायचा नाही, असं त्या म्हणत होत्या. ईस्टर जवळ आला की इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यासाठी रांगा लागतात.

पापामुळे शरीर झिजतं ही समजूत जुनी आहे. बायबलच्या बत्तिसाव्या स्तोत्रात पाप लपवून गप्प राहिल्याने हाडं झिजतात. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेने, वैद्यांना फर्मावलं होतं की रोग्याला आधी आत्म्याचा वैद्य, म्हणजे पाद्री, बोलवायला सांगा. पण योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप याचं की आईबापांचं? येशू सांगतो, कोणाचंच नाही. रोगाला शिक्षा म्हणणाऱ्यांनी ते पान पुन्हा वाचावं. आणि दिष्ट (दृष्ट) काढण्यात आठवडे घालवल्यावर पाय कापायची पाळी आलेली माणसं मी पाहिली आहेत, ती हिंदूही होती आणि ख्रिस्तीही.

तरी मनाचा जखमेशी संबंध आहे, आणि तो मोजलेला आहे. १९९५ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या इतर १३ जणी यांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची गोल जखम केली. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस यायचा थांबला की जखम भरली असं धरायचं. इतरांना सरासरी ३९ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना जवळजवळ ४९.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं काम. मनावर ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि कॉर्टिसोल रक्तात उतरतं. ते पेशीत शिरून आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बी या दाह चालू करणाऱ्या प्रथिनाला अडवतं. त्यामुळे इंटरल्युकिन-१ कमी बनतं. जखमेवर पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या हाकाऱ्यांपैकी हा एक, तोच दबला की साफसफाई आणि नवी ऊती बांधणं दोन्ही लांबतं. शिवाय कॉर्टिसोल रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे मधुमेह्याला दुहेरी मार. एरवी कॉर्टिसोल मेंदूत पोचून स्वतःचाच निरोप थांबवतं. मनात तोच प्रसंग रोज घोळत राहिला, तर निरोपही रोज नव्याने निघत राहतो.

त्या प्रयोगातल्या स्त्रियांचा ताण सेवेचा होता, अपराधाचा नव्हे. अपराधाच्या ताणाचा शोध २००४च्या एका प्रयोगात घेतला गेला. ज्यात स्वतःला दोष दिला असे प्रसंग लोकांना लिहायला सांगितले. दाह दाखवणारा शरीरातला घटक वाढला तो लाजेबरोबर. अपराधभावाशी त्याचा संबंध दिसला नाही. 'मी वाईट केलं' आणि 'मीच वाईट' यांत शरीर फरक करतं, हे वाचून मी थक्क झाले. कुमसाराच्या खोक्यातली जाळी, पलीकडचा न दिसणारा चेहरा, 'तुला क्षमा आहे' हे शब्द, यांनी लाजच हलकी होत असावी, असं मला वाटतं.

पण कबुलीला औषध म्हणून विकू नये. मनातलं कागदावर उतरवण्याच्या १४६ अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. काहींना तर कबुलीच छळते. सेंट फ्रान्सिस झेवियरचे पुढे साथी झालेले संत इग्नेशियस १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात तीच तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले आणि जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचले. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवा.

मी आंटींना योहानाचा तो उतारा वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. शनिवारी कुमसाराला गेल्या, येताना आरोग्यकेंद्रात उतरल्या. साखर २८० निघाली, नर्सने जखम धुऊन पट्टी बांधली आणि एक दिवसाआड यायला सांगितलं. आता मीच त्यांना स्कूटरवर नेते.