गाडी चढ चढते, म्हणून फीड पंप ठीक? नाही!

अमेरिकेतल्या १९९८ ते २००२ च्या डॉज रॅम डिझेल ट्रकबद्दल (२४ व्हॉल्व्हचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: गाडी चालू होते, चढ चढते, म्हणजे टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा फीड पंप ठणठणीत. हे खरं नाही. विजेवर चालणारा हा छोटा पंप पूर्ण बंद पडला, तरी पुढचा, इंजिनात डिझेल फवारण्यासाठी दाब देणारा बॉशचा व्हीपी-४४ इंजेक्शन पंप टाकीतून डिझेल स्वतः ओढून घेतो आणि इंजिन चालत राहतं. पण व्हीपी-४४ ला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलच देतं. पुरवठा तोकडा पडला की तो तापतो, आतून झिजतो. कळतं तेव्हा हा महागडा पंप गेलेला असतो, आणि बरेच जण फक्त तोच बदलतात! कमजोर फीड पंप तसाच राहिला, तर नव्याचीही तीच गत.

म्हणून दाब मोजा. गेज फिल्टर आणि व्हीपी-४४ यांच्या मध्ये जोडा. फिल्टरच्या आधी जोडलं तर चोंदलेला फिल्टर लपून राहतो. उभ्या गाडीतल्या आकड्यावर विसंबू नका. माल भरून चढावर दाब १० पीएसआयच्या खाली जात असेल, तर आधी फिल्टर बदला. तरीही फरक पडला नाही, तर फीड पंप.