राउटर अपग्रेड झाला आणि चॅनल काळं पडलं: मल्टिकास्टची पार्श्वभूमी

शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगची मॅच असली की कोल्हापुरातल्या पेठापेठांत स्थानिक केबलवर तीच मॅच लागलेली असते. मंगळवार पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत एकच चित्र, एकाच वेळी. केबल डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत मिळाली. त्यानंतर कंट्रोल रूम आणि नोड (भागाभागातलं वाटप केंद्र) यांच्यामधला प्रवास हळूहळू आयपी, म्हणजे इंटरनेटच्याच पद्धतीच्या, नेटवर्कवर सरकला आणि जिथे घरापर्यंत फायबर गेली तिथे शेवटचा टप्पाही आयपीच झाला. आता हिशोब बघा. समजा चित्र सेकंदाला ४ मेगाबिटचं आहे आणि ते ५०० घरांत बघितलं जातंय. प्रत्येक घराला वेगळी प्रत पाठवायची तर कंट्रोल रूममधून २ गिगाबिट बाहेर पडायला हवेत. मल्टिकास्टमध्ये त्याच लिंकवरून ४ मेगाबिटच जातात, आणि जिथे वाट फुटते तिथला राउटर एकाच्या दोन प्रती करतो.

अशा नेटवर्कमधल्या एखाद्या राउटरचं सॉफ्टवेअर अपग्रेड होतं. रीबूट नीट होतो, पिंग (उपकरण उत्तर देतंय का याची चाचणी) जातो, लोकांचं इंटरनेट चालू असतं, फक्त चॅनल काळं असतं. कधी त्याहून अवघड प्रकार होतो: चित्र येतं, चार-साडेचार मिनिटं सुरळीत चालतं आणि मग जातं. नव्या व्हर्जनमध्ये बग आहे असं म्हणून सगळे मागच्या व्हर्जनवर परत जातात. बग असतोही कधीकधी. पण माझं ठाम मत असं आहे की बहुतेक वेळा दोष जुनाच असतो. कुठेही न लिहिलेली एखादी व्यवस्था इतकी वर्षं आपोआप चालत आलेली असते आणि अपग्रेड तिला धक्का देतो. मल्टिकास्ट एका बैठकीत तयार झालेलं नाही. चार दशकांत थरावर थर चढत गेले आणि प्रत्येक थराने काही ना काही काम दुसऱ्या थरावर सोडलं. कुठलं काम कुणावर सोडलेलं आहे हे कळलं की शोध निम्म्यावर येतो.

सुरुवात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. स्टीव्ह डिअरिंग आणि त्यांचे मार्गदर्शक डेव्हिड चेरिटन यांनी डिसेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९६६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) मधून कल्पना मांडली आणि ऑगस्ट १९८९ मध्ये डिअरिंग यांच्या आरएफसी १११२ ने तिला पक्कं रूप दिलं. त्यातला निर्णय धाडसी होता. पाठवणाऱ्याने एका ग्रुपच्या पत्त्यावर पॅकेट सोडायचं, ऐकणाऱ्याने आपल्या राउटरला ‘मला हा ग्रुप हवा’ एवढंच सांगायचं. दोघांची ओळख असण्याची गरज नाही. त्यामुळे ग्राहकांची पूर्ण यादी नेटवर्कमध्ये कुठेच नसते. राउटरला फक्त इतकं ठाऊक असतं की या पोर्टच्या पलीकडे कुणीतरी ऐकतंय, आणि तेही थोड्या वेळापुरतं. ‘कुणी ऐकतंय का?’ असं पुन्हापुन्हा विचारून ही माहिती ताजी ठेवावी लागते. हा विचारण्या-सांगण्याचा व्यवहार म्हणजे आयजीएमपी.

नोव्हेंबर १९९७ च्या आयजीएमपी आवृत्ती २ मध्ये या व्यवहाराचे आकडे ठरले: दर १२५ सेकंदांनी प्रश्न, उत्तराला जास्तीत जास्त १० सेकंद, आणि दोनदा विचारण्याइतक्या वेळेत उत्तर नाही आलं तर ग्रुप संपला. दोनदा १२५ आणि वर १० म्हणजे २६० सेकंद, अर्थात ४ मिनिटं २० सेकंद. वर सांगितलेल्या काळ्या पडद्याचं कोडं इथे सुटतं. सेट-टॉप बॉक्स चालू होताना स्वतःहून ग्रुप मागतो, म्हणून चित्र लगेच येतं. नंतर कुणी विचारतच नाही, म्हणून तो काही सांगत नाही, आणि मुदत संपली की वाट बंद होते. घड्याळ लावून बघावं. चित्र दरवेळी साधारण याच वेळाला जात असेल तर विचारणारा, म्हणजे क्वेरिअर, हरवलेला आहे.

हा क्वेरिअर कोण, याचाही इतिहास आहे. पहिल्या आवृत्तीत हे काम राउटिंग प्रोटोकॉलवर सोडलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत निवडणूक आली: ज्याचा आयपी पत्ता सर्वांत लहान, तो विचारणार. राउटर आणि घरांच्या मध्ये स्विच (एकाच नेटवर्कमधली उपकरणं पोर्टांनी जोडणारे डबे) आले आणि राउटर-ग्राहकांमधलं बोलणं चोरून ऐकून ते ठरवू लागले की कुठल्या पोर्टवर चित्र सोडायचं. हे स्नूपिंग मूळ रचनेत नव्हतंच. उपकरणं बनवणाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने ते आणलं आणि मे २००६ मध्ये आरएफसी ४५४१ ने फक्त मार्गदर्शनापुरती त्याची नोंद केली. लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या, ब्रिजमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या स्विचमध्ये) स्नूपिंग २०१० मध्ये, २.६.३४ व्हर्जनला आलं. तिथे आज स्नूपिंग मुळातच चालू असतं, क्वेरिअर मात्र मुळातच बंद. लहान राउटरचं फर्मवेअर बहुधा लिनक्सवरच उभं असतं. ते जुन्या कर्नलवरून नव्यावर गेलं, की काल सगळीकडे पसरणारं चित्र आज नियमाने अडवलं जाऊ शकतं.

ऑक्टोबर २००२ ची तिसरी आवृत्ती हे आणखी एक ठिकाण. तिच्यात ग्राहकाचं उत्तर ग्रुपच्या पत्त्यावर जात नाही, २२४.०.०.२२ वर जातं. अपग्रेडनंतर राउटर तिसऱ्या आवृत्तीत विचारू लागला, बॉक्सने तिसऱ्या आवृत्तीत उत्तर दिलं आणि मधल्या जुन्या स्विचला ते समजलं नाही, तर तक्रार राउटरची येते आणि अडचण स्विचमध्ये असते. राउटरच्या त्या इंटरफेसवर (जोडणीवर) आवृत्ती २ सक्तीची करून बघणं ही सर्वांत स्वस्त चाचणी.

माझ्या मते खरा गुंता याच्या वरच्या थरात, राउटर-राउटरमध्ये आहे. साध्या राउटिंगमध्ये पॅकेट कुठे जायचंय एवढं बघितलं जातं. मल्टिकास्टमध्ये ते कुठून आलं हे आधी बघतात. पॅकेट ज्या इंटरफेसवर आलं, त्याच इंटरफेसने आपण स्रोताकडे परत जाऊ का? हो असेल तर पुढे, नाहीतर टाकून द्या. पॅकेट गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी ही युक्ती १९७८ मध्ये मांडली. आरपीएफ (रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग) तपासणी म्हणतात ती हीच. १९८८ च्या डीव्हीएमआरपी प्रोटोकॉलकडे या तपासणीसाठी स्वतःचं वेगळं राउटिंग टेबल (कुठे कुठल्या वाटेने जायचं याचा तक्ता) होतं. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोच्या आयईटीएफ (इंटरनेटचे नियम ठरवणारी संघटना) बैठकीचा आवाज जगभरातल्या वीस ठिकाणी पोहोचवला गेला. त्यातून वाढलेलं एमबोन नावाचं जाळं याच प्रोटोकॉलवर, बोगद्यांमधून, म्हणजे मल्टिकास्ट पॅकेट साध्या पॅकेटच्या आत घालून, चाललं.

नंतर पिम (प्रोटोकॉल इंडिपेंडंट मल्टिकास्ट) हा राउटर-राउटरमधला प्रोटोकॉल आला आणि त्याने वेगळं टेबल ठेवायचं सोडून दिलं. युनिकास्टचं (एकाकडून एकाकडे जाणाऱ्या साध्या वाहतुकीचं) जे टेबल तयार आहे, मग ते ओएसपीएफसारख्या राउटिंग प्रोटोकॉलने भरलेलं असो की हाताने, तेच वापरायचं. म्हणून तो कुठल्याही राउटिंग प्रोटोकॉलबरोबर चालतो आणि म्हणूनच टिकला. किंमत ही, की युनिकास्टमध्ये काहीही हललं तर मल्टिकास्टची वाट हलते. समजा कंट्रोल रूमकडे जायला दोन सारख्याच फायबर वाटा आहेत, एक राजारामपुरीकडून, दुसरी शाहूपुरीकडून. जुनं सॉफ्टवेअर नेहमी पहिली निवडत होतं. नव्याने दोन्हींतून निवडायची रीत बदलली आणि दुसरी घेतली. इंटरनेटला काही फरक पडत नाही. पण शाहूपुरीच्या इंटरफेसवर पिम कधी चालूच केलेला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. आता राउटर त्या बाजूला मागणी पाठवू शकत नाही आणि राजारामपुरीकडून येणारी पॅकेट चुकीच्या दारातून आली म्हणून फेकून देतो. एमराउट, म्हणजे मल्टिकास्ट वाटांच्या, टेबलमध्ये स्रोताची नोंद दिसते, पण आत येण्याचा इंटरफेस रिकामा किंवा भलताच असतो. अपग्रेडच्या आधी स्रोताच्या पत्त्याकडची आरपीएफ वाट लिहून ठेवलेली असेल तर हे दोन मिनिटांत सापडतं. नसेल तर रात्र जाते.

पिमच्या स्पार्स मोडचं (मागणी येईल तिथेच चित्र पाठवणाऱ्या प्रकाराचं) लिखाणही वर्षानुवर्षं बदलत राहिलं: जून १९९७ मध्ये आरएफसी २११७, पुढच्या वर्षी २३६२, २००६ मध्ये ४६०१, २०१६ मध्ये ७७६१. त्यात ऐकणारे आणि पाठवणारे पहिल्यांदा भेटतात ते ठिकाण म्हणजे आरपी, एक नेमलेला राउटर. सर्व राउटरांचं त्यावर एकमत हवं. अपग्रेडमध्ये एका राउटरच्या कॉन्फिगमधली आरपीची ओळ गळली, किंवा तिची लिहिण्याची पद्धत बदलल्यामुळे ती वाचलीच गेली नाही, तर त्याच्यामागची सगळी गल्ली अंधारात जाते.

बाकीची कारणं लहान, पण नेमकी तीच सुटतात. पिम टीसीपी किंवा यूडीपी या नेहमीच्या वाहक प्रोटोकॉलवर चालत नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक १०३ आहे. नव्या व्हर्जनची कडक फायरवॉल तो अडवते आणि शेजारी राउटर दिसेनासे होतात. लिनक्सवर मल्टिकास्ट राउटिंगचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असू शकतो. अपग्रेडने आयजीएमपी प्रॉक्सी (ग्राहकांच्या मागण्या वर पोहोचवणारा प्रोग्रॅम) आपोआप सुरू केली असेल तर पिमचा प्रोग्रॅम ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असं सांगून थांबतो. एन्कोडर (चित्र डिजिटल करून नेटवर्कवर सोडणारं यंत्र) बदलला असेल तर टीटीएल (पॅकेट किती राउटरांपर्यंत जाऊ शकतं याचा आकडा) बघावा. आरएफसी १११२ पासून मल्टिकास्टचा मूळ टीटीएल १ आहे, म्हणजे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपतं.

शोधाचा क्रम मी नेहमी ग्राहकाकडून स्रोताकडे धरतो. आधी ग्राहकाच्या सेगमेंटवर (नेटवर्कच्या तुकड्यावर) क्वेरिअर कोण आहे, मग राउटरकडे ग्रुपची नोंद आहे का, मग पिमचे शेजारी, मग आरपी, मग आरपीएफची वाट, आणि सर्वांत शेवटी पॅकेटचे आकडे वाढतायत का. उलट्या क्रमाने, म्हणजे एन्कोडरपासून, सुरुवात केली तर वेळ वाया जातो, कारण खालून मागणीच येत नसेल तर वरून काही न येणं हे बरोबरच असतं.

२००६ च्या आरएफसी ४६०७ ने आरपीची गरजच काढून टाकणारा मार्ग दिला: ग्राहकाने ग्रुपबरोबर स्रोताचा पत्ताही सांगायचा. त्यासाठी २३२ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये आरएफसी ८८१५ ने वेगवेगळ्या नेटवर्कांच्या दरम्यान फक्त ग्रुप मागायची जुनी पद्धत सोडून द्यावी असं सुचवलं. एकाच ऑपरेटरच्या आतल्या वापराला त्यात मनाई नाही. कोल्हापूरसारख्या शहरातल्या नेटवर्कमध्ये स्रोत एकच, तोही ठरलेल्या पत्त्यावरचा कंट्रोल रूममधला एन्कोडर, त्यामुळे हा बदल सरळ बसतो. फक्त घराघरातला बॉक्स आयजीएमपी आवृत्ती ३ बोलायला हवा. जो बोलत नाही त्याच्यासाठी शेवटच्या राउटरवर ग्रुप आणि स्रोताची जोडी हाताने लिहून ठेवता येते.