मोठ्या एसयूव्हीतले ‘ऑटो’ फोर-व्हील ड्राइव्ह नेमके करते काय?

पावसाळ्यात येऊरच्या चढणीवर डोंगरातून वाहून आलेला चिखल पसरलेला असताना दोन टनांची एखादी एसयूव्ही एकाच जागी चाके फिरवत राहते आणि तिच्याच वजनाची दुसरी गाडी शेजारून सहज वर निघून जाते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की दुसऱ्या गाडीचे इंजिन जास्त ताकदीचे असावे. प्रत्यक्षात इंजिनाचा इथे फारसा संबंध नसतो. चाक रस्त्यावर किती जोर लावू शकते, हे त्या चाकावर पडणारे वजन आणि टायर व रस्ता यांच्यातले घर्षण या दोनच गोष्टींवर ठरते. ओल्या चिखलात घर्षणांक ०.२ धरला आणि गाडीचे निम्मे वजन मागच्या चाकांवर आहे असे मानले, तर केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तिच्या वजनाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका जोर मिळतो. म्हणजे दहा मीटर अंतरात एक मीटर चढणारा रस्ता ही तिची हद्द झाली. चारही चाके जोर लावू लागली की हीच हद्द पाच मीटरमागे एक मीटरपर्यंत जाते. इंजिन १५० अश्वशक्तीचे असो की २०० अश्वशक्तीचे, त्या चिखलापुरता हा हिशेब बदलत नाही.

मग पुढची आणि मागची चाके कायमची एकत्र जोडून का ठेवत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर वळणावर सापडते. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या उड्डाणपुलाखालून यू-टर्न घेणारी एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा. तिच्या दोन एक्सलमधले, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांच्या आसांमधले, अंतर २.८ मीटर आहे आणि मागच्या एक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळावरून जातो आहे असे समजू. त्याच वेळी पुढच्या एक्सलचा मध्य सुमारे ६.६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. त्या एका वळणात मागचा एक्सल जवळपास १९ मीटर आणि पुढचा जवळपास २१ मीटर अंतर कापतो. अशा गाडीच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर असतो, म्हणजे पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सरासरी पाऊण फेऱ्याहून थोडे जास्त फिरावे लागते. दोन्ही एक्सल एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर हा फरक जाणार कुठे? चिखलात किंवा वाळूत टायर थोडे घसरतात आणि तो फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाहीत, त्यामुळे शाफ्ट, जॉइंट आणि गिअर यांच्यात पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी अडखळत, खडखडत वळते. टोयोटा फॉर्च्युनरच्या किंवा महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्तीत चालकाला ही जोडणी स्वतः निवडावी लागते आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती वापरू नये असे बजावलेले असते, त्याचे कारण हेच.

ऑटो यंत्रणेचे खरे काम इथून सुरू होते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात या क्षणी किती फरक चालू द्यायचा आणि कुठे तो रोखायचा, याचा निर्णय ती सतत घेत असते. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेल्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे जोराची पुढे-मागे वाटणी करणाऱ्या पेटीतून, एक प्रोपेलर शाफ्ट (जोर वाहून नेणारा लांब फिरता दांडा) मागे जातो आणि एक पुढे. मागचा शाफ्ट गिअरबॉक्सला थेट जोडलेला असतो, तर पुढच्या शाफ्टकडे जाणाऱ्या वाटेवर अनेक चकत्यांचा, तेलात बुडालेला क्लच बसवलेला असतो. पत्त्यांचा कॅट असावा तशा या चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. एकाआड एक चकती इंजिनाकडच्या भागाला आणि उरलेल्या चकत्या पुढच्या शाफ्टकडच्या भागाला दात्यांनी अडकवलेल्या असतात. त्या सैल असताना एकमेकींवरून मोकळ्या सरकतात आणि पुढची चाके नुसती मागून येणाऱ्या जोरावर ढकलली जातात. एक छोटी विद्युत मोटर उताराचे खाचे कोरलेले कडे थोडेसे फिरवते, खाचांतले पोलादी गोळे उतार चढतात, कडे मिलिमीटरच्या काही अंशाने पुढे सरकते आणि चकत्यांवर दाब पडतो. दाब जेवढा जास्त, तेवढा जास्त जोर पुढे पोचतो. जोडलेले किंवा तोडलेले, अशा दोनच अवस्था इथे नसतात. मधल्या सगळ्या अवस्था मिळतात आणि या रचनेची सगळी करामत त्यातच आहे.

आडवे इंजिन असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्तीत, हीच मांडणी उलटी असते: मुख्य जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि गरज पडेल तेव्हा मागची चाके त्यात सामील होतात.

दाब किती द्यायचा, हे ठरवणाऱ्या संगणकाला बरीचशी माहिती गाडीत आधीपासूनच असलेल्या संवेदकांकडून मिळते. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाजवळ बसवलेला संवेदक त्या चाकाचा वेग सांगतो; त्याच्या जोडीला ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, स्टिअरिंग किती वळले आहे आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, हेही कळत असते. मागची चाके पुढच्यांपेक्षा अकारण वेगाने फिरू लागली की क्लच आवळला जातो, तोही सेकंदाच्या एखाद्या लहानशा अंशात. मात्र चांगली यंत्रणा चाक घसरण्याची वाट पाहत बसत नाही. गाडी उभी असताना चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर आता घसरण होऊ शकते हे ओळखून ती क्लच आधीच आवळून ठेवते. याउलट स्टिअरिंग पूर्ण वळलेले असेल आणि गाडी संथ गतीने पार्किंगमध्ये शिरत असेल तर ती क्लच सैल सोडते, म्हणून इमारतीच्या तळघरात वळताना तो पीळ साठत नाही. ब्रेक जोरात दाबून एबीएस काम करू लागला की क्लच सहसा सोडला जातो, कारण प्रत्येक चाकाचा स्वतंत्र वेग कळला नाही तर एबीएसचा अंदाज चुकतो.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडे जोर देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, होते, त्यामुळे तिची चारही चाके कायम जोर लावत. १९८० च्या ‘एएमसी ईगल’ या अमेरिकी गाडीत सिलिकोनच्या दाट द्रवात फिरणाऱ्या चकत्या होत्या. वेगातला फरक वाढला की द्रवाचा विरोध वाढे आणि जोर आपोआप दुसऱ्या एक्सलकडे जाई. रचना सुंदर होती, पण तिच्यात एक मूलभूत उणीव होती: आधी चाक घसरल्याशिवाय ती जागी होत नसे. ती उणीव इलेक्ट्रॉनिक क्लचने दूर केली.

तरीही क्लच फक्त पुढे आणि मागे एवढीच वाटणी करतो. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये साधे डिफरन्शियल असते आणि ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. उजवे चाक चिखलात भिरभिरत असेल तर त्याला लागणारा नगण्य जोर तेवढाच डाव्या चाकालाही मिळतो, मग डावे चाक कोरड्या खडकावर का असेना. यावरचा उपाय म्हणून संगणक भिरभिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबतो. त्या चाकाला कृत्रिम विरोध झाल्यामुळे दुसऱ्या बाजूलाही तितकाच जोर पोचतो. अशा वेळी खालून घरघर किंवा टकटक असा आवाज येतो. तो बिघाडाचा नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे, आणि नव्या मोठ्या गाड्यांचे मालक ती फार हलक्यात घेतात असे मला वाटते. पाम बीच रस्त्यावर भर पावसात ताशी ८० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या गाडीचा ब्रेक पूर्ण दाबला आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.५ असला, तर ती थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. ब्रेक दाबायला लागणारा एखादा सेकंद धरला तर त्यात आणखी २२ मीटरांची भर पडते. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच, त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्हने या अंतरात काहीच फरक पडत नाही. उलट निघताना चाके न घसरल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याची जाणीव चालकाला उशिरा होते, आणि हा धोका खरा आहे.

क्लच आणि टायर यांचे नाते तर त्याहून नाजूक आहे. पुढचे दोन टायर नवे, ८ मिलिमीटर खोलीच्या नक्षीचे आणि मागचे दोन ४ मिलिमीटरपर्यंत झिजलेले असतील, तर त्यांच्या घेरात साधारण एक टक्का फरक पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ५५५ फेरे घेते, म्हणजे दोन एक्सलमध्ये पाच-साडेपाच फेऱ्यांचा फरक झाला; डिफरन्शियलमधल्या गिअरमुळे प्रोपेलर शाफ्टवर तो त्याच्या साडेतीन-चार पट होतो. म्हणजे सायन-पनवेल महामार्गावर सरळ जातानाही, क्लच थोडा जरी आवळलेला असला तरी त्याच्या चकत्या एकमेकींवर घासत राहतात, तेल तापत राहते, आणि संगणकाला मात्र चाक घसरत असल्याचा भास होतो. म्हणून अशा गाडीचा एकच टायर फुटला तर बाकीच्यांची झीज मोजल्याशिवाय एक नवा टायर टाकून मोकळे होऊ नये, आणि शक्यतो चारही एकदम बदलावेत. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोन चाके उचलून दोन रस्त्यावर फिरवत नेण्यापेक्षा चारही चाके वर घेणारा सपाट ट्रक मागवावा.

दोन मोटरींच्या विद्युत एसयूव्हींत, उदाहरणार्थ २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीच्या ‘क्यूडब्ल्यूडी’ आवृत्तीत, पुढच्या आणि मागच्या एक्सलला स्वतंत्र मोटर असते आणि त्या दोघींमध्ये शाफ्ट नसतो, ट्रान्सफर केस नसते, तापणाऱ्या चकत्याही नसतात. कोणत्या मोटरीला किती वीज द्यायची एवढाच निर्णय तिथे घ्यावा लागतो, आणि तो कोणत्याही क्लचपेक्षा कितीतरी लवकर अमलात येतो. डाव्या-उजव्या चाकांमधले डिफरन्शियल मात्र तिथेही असते, आणि चिखलात एकच चाक भिरभिरू लागले तर त्याला आवर घालण्याचे काम तिथेही ब्रेककडेच येते.