खालचं खोकं का बसतं?

सांगलीजवळ कुपवाडच्या बाजूला एका नव्या गोदामावर पाटी पाहिली: 'आमची खोकी १०० टक्के रिसायकल्ड. कितीही वेळा रिसायकल होणारी.' हे गोदाम म्हणजे सेल्फ स्टोरेज. महिन्याच्या भाड्यावर एक गाळा घ्यायचा, आपलं कुलूप लावायचं आणि बदली झालेल्याचा संसार नाहीतर दुकानाचा जादा माल त्यात कोंबायचा. पुण्या-मुंबईत हा धंदा रुळलाय. पाटीवरचं पहिलं वाक्य खरं असेलही, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही; आपल्याकडे खोक्यांचा क्राफ्ट कागद बहुतेक रद्दीच्या लगद्यातूनच येतो. दुसरं वाक्य मात्र साफ चूक. ते का चूक, हे समजलं की थप्पीतलं सगळ्यात खालचं खोकं पावसाळ्यात दबून का बसतं, तेही समजतं.

कागद सेल्युलोजच्या तंतूंचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंची सरळ साखळी, आणि तिच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. ओला लगदा वाळताना तंतू एकमेकांना चिकटून येतात, तेव्हा एकावरचा हायड्रोजन दुसऱ्यावरच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. कार्बन-कार्बन बंधाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकीच त्याची ताकद, पण संख्या अगणित. कागदाला कागदपण येतं ते मुख्यतः या बंधांमुळे.

गंमत अशी, की पाण्याच्या रेणूलाही हाच बंध जमतो. तो दोन तंतूंच्या मधे शिरतो आणि दोघांचे हात स्वतःच धरतो. सुती साडीला इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते याचसाठी. सुतातही सेल्युलोजच आहे. पाण्याने जुने बंध सुटतात, इस्त्रीच्या उष्णतेने पाणी उडतं आणि कापड सपाट असतानाच नवे बंध बसतात. रद्दीचा कारखानाही हेच करतो. पुठ्ठा पल्परमध्ये पाण्यात घुसळला की जवळपास कुठल्याही रसायनाशिवाय तो पुन्हा सुट्ट्या तंतूंचा लगदा होतो. प्लास्टिकच्या मानाने कागदाचं रिसायकलिंग इतकं सोपं आहे ते याच कमकुवत बंधाच्या कृपेने.

पण प्रत्येक वाळवणीत काहीतरी हातचं जातं. तंतूच्या भिंतीत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. पहिल्यांदा वाळताना त्या मिटतात, आतल्या बाजूंचे आपसांत बंध जुळतात आणि पुढच्या वेळी कितीही भिजवलं तरी त्यातल्या बऱ्याच पुन्हा उघडत नाहीत. तंतू ताठ होतो, कमी फुगतो, शेजाऱ्याला कमी बिलगतो. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग याय्मे यांनी १९४४ साली या प्रकाराला नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'शिंगासारखं होणं' असा. शिवाय दर फेरीत तंतू तुटतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब, आपल्या उसाच्या चिपाडाचा त्याच्या निम्म्याहूनही आखूड. पाच-सात फेऱ्यांनंतर उरलेला चुरा धुवणीच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून लगद्यात ताजा तंतू कुठून तरी मिसळत राहावाच लागतो.

आता थप्पीकडे. हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्यातली किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते; हवा थंड झाली की मावणारी वाफ कमी होते) ५० टक्के असेल तर पुठ्ठ्यात सात-आठ टक्के पाणी असतं. आर्द्रता ९० वर गेली की ते १५ टक्क्यांच्या पुढे जातं आणि खोक्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येते. खोकं हाताला कोरडंच लागतं, पण आतले बंध सैल झालेले असतात.

याहून मजेदार गोष्ट पुढेच आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत कागदावर वजन टांगून पाहिलं गेलं. अपेक्षा अशी, की सतत ९० टक्के आर्द्रतेत तो सगळ्यात जास्त ताणला जाईल. पण आर्द्रता आलटून पालटून ३५ आणि ९० ठेवली तेव्हा तो त्याहून वेगाने ताणला गेला! दमट हवेपेक्षा बदलती हवा वाईट. कारण असं मानतात: तंतू पाणी पिऊन लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. आडवा आणि उभा तंतू जिथे एकमेकांवर पडलेत, तिथे एकाचं फुगणं दुसऱ्याच्या न वाढणाऱ्या लांबीवर आदळतं आणि त्या जोडावर ताण साठतो. वरून भार असेल तर त्या धांदलीत काही बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, पण जरा सरकलेल्या जागी. दर फेरीला थोडं थोडं सरकणं, आणि ते परत फिरत नाही.

पत्र्याच्या छताचं गोदाम म्हणजे अशा फेऱ्यांचं यंत्रच. दुपारी आत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पहाटे २२ अंशांवर आली की आर्द्रता ९६ टक्क्यांवर पोचते. पाण्याचा एक थेंबही बाहेरून यावा लागत नाही. त्यात दिवसभर शटर वर-खाली होत असतं.

सांगलीला साठवणुकीचा धंदा नवा नाही, आणि यातला धडा हरिपूरच्या हळदीच्या पेवांनी कधीच गिरवलेला. निमुळत्या तोंडाचं, पोटात ऐसपैस असं जमिनीतलं पेव, तोंड मातीने बंद. आत ना ऊन ना पावसाळी वारं, त्यामुळे तापमान आणि आर्द्रता जवळजवळ स्थिर. शिवाय आतला प्राणवायू वापरला जाऊन कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड गुदमरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, ते याचमुळे. विजेचं बिल शून्य. २००५ च्या महापुराने यातली बरीच पेवं खराब केली, हे मात्र मोठं नुकसान. आणि २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे ज्याला आठवतं तो सांगलीत तळमजल्याचा गाळा घेताना दोनदा विचार करेल.

गोदामात थप्पी बघा. हमाल खोकी बहुधा विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून रचतात, थप्पी हलू नये म्हणून. पण खोक्याचा बराचसा भार त्याचे चार उभे कोपरे पेलतात. सांधे चुकवले की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या कडेच्या किंवा झाकणाच्या मधोमध येतो, आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. कोपऱ्यावर कोपरा ठेवायचा आणि थप्पी हलत असेल तर दोरीने आवळायची. खाली लाकडी पॅलेट हवंच, ओल फरशीतूनही चढते.

उपाय म्हणून लोक काय काय करतात! डांबरगोळ्या ओल शोषतात असा एक पक्का समज आहे. त्यांतल्या नॅफ्थलीनला पाण्याशी काही घेणं-देणं नाही; ते फक्त हवेत उडून जातं आणि आपल्या नाकात येतं. ओल शोषायला सिलिका जेल किंवा कॅल्शियम क्लोराइड लागतं, तेही मोठ्या गाळ्याला पुरत नाही. रिकामी खोकी ईशान्येला ठेवली की बरकत जाते, असंही एका वास्तुवाल्याकडून ऐकलं. ईशान्येची भिंत पाझरत असेल तर खोकी जातील खरी, बरकतीचं मला माहीत नाही.

मग गोदामवाल्याने खरंच पर्यावरणाचं काही करायचं तर? छतावर सोलर, एलईडी दिवे, पत्र्याला पांढरा रंग: सगळं चांगलं, करावं. खोक्यांच्या बाबतीत मात्र रिसायकलिंगच्या आधी पुनर्वापर येतो, आणि हिशेब सोपा आहे. कागदाच्या कारखान्यात उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा वाळवणीत जातो. रोलरांतून दाबून निघालेल्या कागदात जवळपास निम्मं पाणीच असतं. ७०० ग्रॅमच्या खोक्यासाठी तितकंच, ७०० ग्रॅम, पाणी उडवायचं म्हटलं तर किलोला २२६० किलोज्यूल या दराने सुमारे १५८० किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.४४ युनिट. ९ वॅटचा दिवा तेवढ्यात दोन दिवस जळेल. ही नुसती पाणी उडवण्याची किंमत. वाहतूक आणि पल्पर वेगळे. गाळा सोडणाऱ्याने खोकी दारापाशी ठेवली आणि नव्याने येणाऱ्याने ती नेली की हे सगळं वाचतं, आणि तंतूंची एक वाळवणही टळते.

फक्त पारखून घ्या. कोपरा अंगठ्याने दाबला आणि तो दबून तसाच राहिला, तर ते खोकं वरच्या थरात हलक्या कपड्यांसाठी. बेदाण्याची, मिठाईची खोकी घेऊच नका, मुंग्या त्यांच्याबरोबर येतात. पुठ्ठ्याचे थर मक्याच्या स्टार्चने चिकटवलेले असतात आणि झुरळांना, कसरीला ते आवडतं, म्हणून पन्हळीत डोकावून पाहायचं. रद्दीत देताना चिकटपट्टी सोलून टाका. तिचा गोंद कारखान्यात कागदावर डाग होऊन उतरतो.

प्लास्टिकचे क्रेट वापरा, असं कुणीतरी सुचवेलच. ओलीचं त्यांना काही वाटत नाही, भाजी मंडईत तेच क्रेट वर्षानुवर्षं फिरतात. पण क्रेटचा फायदा तो फिरता राहिला तरच. घर हलवायच्या दोन दिवसांसाठी तो भाड्याने मिळाला तर उत्तम. तीन वर्षं कुणाची पुस्तकं पोटात घेऊन गाळ्यात बसणार असेल, तर तिथे पुठ्ठ्याचंच खोकं बरं, पॅलेटवर आणि कोपऱ्यावर कोपरा.