उतारवयातील मद्यव्यसन

पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच जडणारे किंवा जन्मभर आटोक्यात राहून या वयात हाताबाहेर जाणारे दारूचे व्यसन. मद्यव्यसनी वृद्धांपैकी साधारण एक तृतीयांश जणांचे व्यसन असे उशिरा सुरू झालेले असते. ‘ज्याला लागायची त्याला तरुणपणीच लागते’ ही समजूत खोटी आहे.

पिणे न वाढताही त्रास वाढतो, हे यातले मुख्य. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. अल्कोहोल पाण्यात मिसळते, चरबीत फारसे नाही. म्हणून चाळिशीत पचलेली क्वार्टर पासष्टीत जास्त चढते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ‘एकच तर घेतो’ याचा हिशेब असा आहे. वर झोपेच्या गोळ्या असतील तर गुंगी दुणावते आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम उतरते.

निमित्ते बहुतेक साधी असतात. नोकरी सुटते, जोडीदार जातो, गुडघे धरतात. मराठवाड्यात शेताची वाटणी होऊन कारभार पोरांच्या हाती गेला की म्हातारा पारावर मोकळा. पोरे पुण्याकडे कंपनीत. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास जोडपी ऊसतोडीला गेली की वाड्या-तांड्यांवर मागे उरतात म्हातारी आणि लेकरे. ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ म्हणून नाईंटी घेतली जाते. तिने झोप लवकर लागते खरी, पण अंमल उतरताच मध्यरात्री जाग येते. दुसऱ्या रात्री आणखी थोडी लागते. दारू बाजेखाली पोचते ती अशी, मित्रांच्या नादाने नव्हे.

ओळखायला उशीर होतो, कारण तोल जाणे, विसरभोळेपणा, जेवण तुटणे हे सारे वयाच्या खात्यावर जमा होते. कामावर खाडा पडायला कामच नसते. घरात पहिल्यांदा कळते सुनेला. पण सासऱ्याला बोलणार कोण? बायकांचे पिणे तर आणखी झाकले जाते. क्वचित प्रसंगी मेंदूच्या कपाळाकडील भागाचा ऱ्हास हेच मूळ असते आणि अचानक सुरू झालेले पिणे त्याचे लक्षण.

व्यसन सोडण्यासाठी वारकरी माळ घालण्याची चाल या भागात जुनी आहे. माळकऱ्यावर गावाची नजर राहते, आणि औषधाच्या पुडीला ते जमत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकादशीला माळ घालून त्याच दिवशी दारू तोडली, तर पुढच्या दोन-चार दिवसांत झटके, भ्रम, बडबड सुरू होऊन जिवावर बेतू शकते. तोडणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. त्याहून वाईट म्हणजे वरणातून गुपचूप औषध देणे. डायसल्फिरॅम या दारू सोडवण्याच्या औषधावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो, आणि हृदयरोगी म्हाताऱ्याला ते सोसत नाही.

उशिरा लागलेल्यांचे व्यसन जन्माच्या दारुड्यांच्या मानाने सहसा सौम्य असते; उपचारांना ते बऱ्यापैकी दाद देतात. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरच्यांनाही मोफत सल्ला मिळतो.